सिस्टर रणपिसेंचा दुसरा पेशंट

सिस्टर रणपिसे पहिल्यांदा आमच्या दारात आल्या त्या थर्मामीटर मागायला. ऑकलंडच्या हेन्डरसन उपनगरातल्या त्या घरात येऊन आम्हाला चारच दिवस झाले होते. निम्मी खोकी अजून बांधलेलीच होती, माझी बायको नीला त्यांतल्या कुठल्यातरी खोक्यात चहाची गाळणी शोधत होती आणि मी उगाचच सगळ्या जगावर चिडलेला होतो. दार उघडलं तर समोर पंचावन्नच्या आसपासच्या एक ठेंगण्या बाई. निळा युनिफॉर्म, पांढरे बूट, छातीशी उलटं टांगलेलं नर्सचं घड्याळ. अस्सल नगरी मराठीत त्यांनी सांगितलं की त्या शेजारच्या घरात राहतात आणि कोपऱ्यावरच्या दुकानात, म्हणजे इथल्या भाषेत डेअरीत, त्यांना आमची बातमी कळली आहे.

"तुम्ही फार्मसिस्ट ना? एकशे दहा सेल्सिअसपर्यंतचा थर्मामीटर मिळेल का? दोन पाहिजेत."

मी पुणेरी सवयीनं म्हटलं, "सिस्टर, बेचाळीसच्या पुढे माणूस टिकत नाही."

"माणसासाठी नकोत," त्या म्हणाल्या, घड्याळाकडे बघितलं आणि उद्या संध्याकाळी सहाला येते म्हणून निघूनही गेल्या. दुसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला दारात हजर. थर्मामीटर मी आणले नव्हते. त्या फक्त "मग उद्या सहाला" एवढंच म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी मी मुकाट्यानं प्रयोगशाळेत वापरतात तसले दोन थर्मामीटर पैदा केले. पुढे चार वर्षं त्यांच्यापुढे माझं हे असंच चाललं.

खरं सांगायचं तर पहिले काही महिने मला ही बाई अजिबात आवडली नाही. मिरजेला नर्सिंग शिकलेल्या, नगरच्या इस्पितळात पुरुषांचा वॉर्ड वीस वर्षं चालवलेल्या आणि तो वॉर्ड अजून चालवतच असल्यासारख्या वागणाऱ्या. मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. मी कायम "अहो फार्मसिस्ट". त्या बसत नसत. चहाही उभ्यानंच पीत आणि कप स्वतः विसळून पालथा घालून जात. 'मला वाटतं' अशी सुरुवात करून त्यांच्याशी बोलायची सोय नव्हती. वाटतं म्हणजे काय, मोजलंत का, असं लगेच विचारत. आपल्या दोन पिढ्यांना नुसतं वाटून घेण्यातच समाधान मिळत आलेलं, तिथं हे फार जड जायचं.

थर्मामीटर कशासाठी हवे होते ते पुढच्या शनिवारी कळलं. त्यांच्या गॅरेजात सायीच्या रंगाची एक जुनी ब्रिटिश गाडी उभी होती. साठ सालच्या आसपासची, गोल दिव्यांची, लाकडी डॅशबोर्डची. गाडीच्या मागच्या भिंतीवर खिळ्याला इस्पितळातला तापाचा तक्ता टांगलेला होता, खाटेच्या पायाशी असतो तसाच, उभ्या-आडव्या रेघांचा. नावाच्या जागी लिहिलं होतं 'पेशंट क्रमांक दोन'. वरच्या कोपऱ्यात मराठीत, वळणदार अक्षरात, 'आधी नोंद, मग मत'.

पेशंट क्रमांक एक घरात होते. त्यांचे मिस्टर, दावीदराव. नगरला ट्रकच्या एका मोठ्या गॅरेजात फोरमन होते. सिस्टरांना इथं नोकरी मिळाली म्हणून त्यांच्यामागून आले आणि ओटाहुहु भागातल्या एका कारखान्यात लागले. ही गाडी त्यांनी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून घेतली होती. रंग सोडला तर तिच्यातलं सगळं त्यांनी स्वतःच्या हातानं उघडून पुन्हा बसवलेलं. बायकोला चालवायला देत, पण इंजिनाला हात लावू देत नसत. आता त्यांची उजवी बाजू गेलेली होती आणि वाचाही. एकच शब्द उरला होता, 'बघू'. भूक लागली तरी बघू, राग आला तरी बघू, आणि नीलानं पुरणपोळी नेऊन दिली की डोळे मिटून समाधानानं बघू. खिडकीपाशी खुर्ची टाकून ते दिवसभर गॅरेजकडे तोंड करून बसत. घराबाहेर पडायला मात्र त्यांची अजिबात तयारी नसे.

हे कसं झालं ते सिस्टरांनी एकदाच सांगितलं, तेही स्टाफला ड्यूटी सोपवताना सांगतात तसं. आदल्या जानेवारीत, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यात, दोघं ओपोनोनीच्या समुद्रावर निघाले होते. ऑकलंडहून उत्तरेला जाताना ब्रिन्डरविनचा चढ लागतो. पायथ्याशी पेट्रोल भरलं, पंधरा मिनिटं थांबून चहा घेतला आणि चढाला लागले. अर्ध्यावर गाडी आचके देऊन बंद पडली. भर दुपार होती. दावीदराव बॉनेट उघडून उभे राहिले आणि तिथंच कोसळले. खालून आलेल्या एका ट्रकवाल्या माओरी गृहस्थानं दोघांना वर घेतलं आणि इस्पितळात पोचवलं. दावीदरावांना उतरवताना "किया ओरा, ब्रदर", म्हणजे बरा राहा भावा, असं म्हणाला. गाडी नंतर ओढून घरी आणली. ती अर्थातच चालू झाली. गार झाली होती ना.

सगळ्यांनी सांगितलं, गाडी विका. मीही सांगितलं. जपानहून आलेल्या जुन्या पण धडधाकट गाड्यांनी तेव्हा ऑकलंड भरून गेलं होतं, मी स्वतः त्यांतलीच एक घेतली होती. सिस्टरांनी माझं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आमच्या मिस्टरांना वाटतंय, त्यांच्या गाडीनं दगा दिला. ते बोलत नाहीत, पण मला कळतं. ते दुसऱ्या गाडीत बसत नाहीत आणि ह्या गाडीत बसायला भितात. मी त्यांना ह्याच गाडीतून त्याच चढावरून घेऊन जाणार. पुढच्या जानेवारीत. ती मध्ये थांबता कामा नये, आणि थांबलीच तर पुन्हा चालू झाली पाहिजे."

मी म्हटलं, "नाही झाली तर?"

"म्हणून तर थर्मामीटर आणलेत."

झालं. दर शनिवारी दुपारी सिस्टर गाडी घेऊन वायटाकेरेच्या डोंगरात जात, चढउतार करून आणून गॅरेजपुढे उभी करत आणि इंजिन बंद करत. तेवढ्यात दावीदरावांच्या जेवणाची आणि व्यायामाची वेळ होई, म्हणून त्या आत जात. मग उरलेलं काम माझ्याकडे. एक थर्मामीटर इंजिनाशेजारी बांधलेला आणि दुसरा कार्ब्युरेटरच्या वाटीला. ह्या वाटीत पेट्रोल इंजिनात जाण्याआधी थोडा वेळ थांबतं. दर पाच मिनिटांनी बॉनेट उचलायचं, दोन्ही आकडे वाचायचे, लगेच बॉनेट बंद करायचं आणि आकडे लिहायचे. असं तासभर. मी पालथ्या बादलीवर बसून हे करत असे. माझ्या बी.फार्म.ची एवढी अवहेलना दुसऱ्या कोणी केलेली नाही.

पण त्या आकड्यांनी पहिल्याच महिन्यात माझी बोलती बंद केली. मी समजत होतो की गाडी पळताना तापते आणि थांबली की निवते. उलटंच होतं. पळत असताना वाटीतलं पेट्रोल पन्नास अंशांच्या आत राही. इंजिन बंद केलं, पंखा थांबला, की इंजिनात साठलेली सगळी धग हळूहळू वर चढून कार्ब्युरेटरला भिडे, आणि वीस मिनिटांत वाटीतला आकडा पंचाहत्तरच्या पुढे. तेवढ्यात पेट्रोल चक्क उकळून जाई. म्हणजे चढानं गाडी बंद पाडली नव्हती. पायथ्याशी घेतलेल्या पंधरा मिनिटांच्या चहानं पाडली होती. सिस्टरांनी तक्त्यावरची ती चढती रेघ पाहिली आणि मान हलवली. "ऑपरेशन व्यवस्थित होतं आणि पेशंट वॉर्डात आल्यावर बिघडतो. त्यातलंच हे," म्हणाल्या.

मग उपचार सुरू झाले. हेन्डरसनमध्ये केविन नावाचा सत्तरीचा एक गोरा गॅरेजवाला होता, उन्हाळा-हिवाळा जँडल घालून, म्हणजे रबरी चपलांत, काम करायचा. त्याच्या मते ह्या गाड्यांना एकच औषध. पेट्रोलच्या नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावायचे, ते उष्णता ओढून घेतात, की गाडी स्वीट ॲज, म्हणजे एकदम झकास. शेकडो लोक असं करतात म्हणाला. सिस्टरांनी त्याला विचारलं, त्यांतल्या किती जणांनी मोजलं? केविन हसला. त्यांनी मात्र इमानदारीत बारा चिमटे लावले आणि दोन शनिवार मोजलं. रेघ जागची हलली नाही. चिमटे काढून त्यांनी नीलाला परत दिले. कारण ते आमच्याच दोरीवरचे होते. पुढे महिनाभर माझ्या बनियनला पेट्रोलचा वास येत होता.

त्यानंतरची चूक स्वतः सिस्टरांची. त्यांनी विचार केला की धग बाहेरून येते ना, मग कार्ब्युरेटरला आणि नळीला जाड पांघरूण घालू. केविनकडून आगीला दाद न देणारं कापड आणलं, पट्ट्या कापल्या आणि फ्रॅक्चरला बँडेज बांधावं तसं सुबक गुंडाळलं. शिकाऊ नर्सना दाखवावं असं काम होतं. पहिली दहा मिनिटं आकडा खरंच कमी राहिला. नंतर जो चढला तो उतरायचं नाव घेईना, कारण आत शिरलेली धग त्या पांघरुणात कोंडून बसली. तासाभरात निवणारी गाडी दोन तास तापलेलीच. मला वाटलं आता त्या काहीतरी सबब काढतील. त्यांनी लाल शाई घेतली आणि तक्त्यावर लिहिलं, 'ताप असताना पांघरूण घातलं. चूक माझी.' खाली तारीख आणि सही. त्या दिवसापासून मला त्या आवडायला लागल्या. मी जन्मभर औषधांच्या धंद्यात काढला, पण स्वतःची चूक लाल शाईनं लिहिणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

ह्या सगळ्या काळात खिडकीतून दावीदरावांचं लक्ष असे. मी बॉनेट बंद केलं की ते हमखास अस्वस्थ होत. डावा हात मांडीवर ठेवत आणि तळवा हळूहळू वर उचलत. पुन्हा खाली, पुन्हा वर. सोबत मोठ्यानं "बघू! बघू!" सिस्टर लगेच त्यांच्या काखेत हात घालून त्यांना वर सरकवत आणि पाठीशी उशी देत. वीस वर्षांच्या वॉर्डातल्या सवयीनं त्यांना तो हात म्हणजे 'मला वर घ्या' असाच दिसत होता. दावीदराव उशी भिरकावून देत. त्या पुन्हा लावत. मला ते बघवत नसे. म्हणून मी बादली फिरवून खिडकीकडे पाठ करून बसायला लागलो. आता आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

सप्टेंबरात परात आली. सिस्टरांनी नगरहून आणलेली, जर्मनची म्हणजे आपल्या ॲल्युमिनियमची, कणीक मळायची मोठी परात. केविननं कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्या मध्ये बसवायला उष्णता अडवणाऱ्या बेकेलाइटची एक जाड चकती करून दिली होती, तिनं आकडा थोडा खाली आणला होता. खालून धुराड्याच्या पाइपाची जी धग वर मारते ती अडवायला मध्ये एक चकचकीत पत्रा हवा, असं तो म्हणाला. नवीन पत्रा बाजारात मिळत होता. सिस्टरांनी स्वयंपाकघरातून परात आणली, तिच्यावर खडूनं आकार काढला आणि पत्र्याच्या कात्रीनं कापायला घेतली. नीला त्यांना थांबवायला पुढे झाली. सिस्टरांच्या सासूबाईंची परात होती ती.

"सासूबाईंच्या मुलासाठीच कापतेय," सिस्टर म्हणाल्या.

तो पत्रा त्यांनी आधी पाइपाला चिकटवून बसवला. मोजलं, फरक नाही. मग पाइप आणि पत्रा यांच्यात एक बोट जागा ठेवून बसवला, की मधून हवा खेळती राहील. आकडा सरळ आठ अंशांनी उतरला. केविन आपल्या जँडल फटफटवत बघायला आला आणि परातीच्या उरलेल्या काठावरून हात फिरवून गेला. तरीही पुरेसं नव्हतं. गाडी बंद केल्यावर वीस मिनिटांनी आकडा अजून पासष्टच्या पुढे जात होता आणि एवढ्यावर गाडी कधी चालू होई, कधी नाही. सिस्टरांना हे 'कधी-कधी' नको होतं. डिसेंबर उजाडला. इस्पितळातल्या रजेचा अर्ज त्यांनी भरून ठेवलेला होता. तक्त्यावरची रेघ सपाट झालेली. एका शनिवारी त्या भिंतीसमोर इतक्या गप्प उभ्या होत्या की मला वाटलं, ह्यांचा धीर सुटला.

तसं काही नव्हतं. त्या वाचत होत्या.

"अहो फार्मसिस्ट, हे काय आहे?" त्यांनी तीन आठवड्यांपूर्वीच्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं. "ह्या शनिवारी वीस मिनिटांनी बावन्न. आधी नाही, नंतर नाही. त्या दिवशी काय वेगळं केलंत?"

मी म्हटलं काही नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्या नजरेखाली नगरचे पैलवान खरं बोलले असतील, माझी काय कथा. मी आठवायला लागलो. त्या दिवशी नीलानं भजी तळली होती आणि कुंपणावरून हाक मारली होती. मी पाच मिनिटांचं वाचन घेतलं, तसाच उठून गेलो आणि भजी खाऊन वीस मिनिटांच्या वाचनाला परत आलो. मधलं दहा आणि पंधराचं वाचन अंदाजानं भरलं. आणि जाताना बॉनेट बंद करायचं राहिलं होतं.

"म्हणजे पंधरा मिनिटं बॉनेट उघडं होतं," सिस्टर म्हणाल्या.

"हो. पण त्याचा काय..." आणि बोलताबोलताच मला कळलं. आम्ही सहा महिने गाडीवर झाकण ठेवून ती निवायची वाट बघत होतो.

त्याच क्षणी आतून आवाज आला, "बघू! बघू!" सिस्टरांनी खिडकीकडे पाहिलं. दावीदरावांचा डावा तळवा मांडीवरून वर उठत होता. मागची कड मांडीला टेकलेली आणि पुढची बोटं वर. खाली, पुन्हा वर. सिस्टर आत धावल्या नाहीत. हळू चालत गेल्या, खुर्चीपुढे गुडघ्यावर बसल्या आणि आपला तळवा आडवा धरून त्यांच्यासारखाच वर उचलला. "बॉनेट?" त्यांनी विचारलं. "बॉनेट उघड म्हणताय?"

दावीदरावांचा बांध असा काही फुटला की मी दारातच थांबलो. ते रडत होते आणि हसतही होते, आणि त्यांची मान होकारार्थी हलत होती. सिस्टरांनी आपलं कपाळ त्यांच्या गुडघ्यावर टेकलं. गाडीबाहेर त्या बाईंना मी बसलेलं पाहिलं ते तेवढंच.

नंतर बाहेर येऊन त्या माझ्याशी जे बोलल्या ते त्यांनी आजवर कोणाला सांगितलं असेल असं मला वाटत नाही. "त्या दिवशी चढावर मी गाडीतच बसून होते. पुढे बॉनेट उघडं, त्यामागे हे. मला दिसत नव्हते. मी आतून ओरडत होते, किती वेळ लावताय म्हणून. ते पडून दहा मिनिटं झाली असतील, फार्मसिस्ट. वीस वर्षं वॉर्ड चालवलेली नर्स, आणि माझ्यापासून चार पावलांवर पेशंट पडलेला. मध्ये फक्त पत्रा. तेव्हापासून ते उघडं झाकण मला बघवत नाही. म्हणून मी तुम्हाला लगेच बंद करायला लावत होते." मग त्यांनी लाल शाई काढली. तक्त्यावर काय लिहिलं ते मी वाचलं नाही. माझ्या अंदाजानं भरलेल्या दोन आकड्यांवर मात्र त्यांनी फुली मारली आणि शेजारी माझी सही घेतली.

उरलेलं दावीदरावांनीच सांगितलं, बोटांनी. गाडी चालवताना बॉनेट उघडं ठेवता येत नाही. त्यांनी दोन बोटं आडवी धरून दाखवली. काचेकडची मागची कड बिजागरीपाशी दोन बोटं उचलून ठेवायची, म्हणजे चढावर गाडी हळू झाली की गरम हवा तिथून निघून जाते. आणि गाडी थांबवली की दुसरं काही करायच्या आधी बॉनेट उघडायचं. पूर्वी ते नेहमी तसंच करत; त्या दिवशी पायथ्याशी तेवढं चहाच्या नादात राहून गेलं होतं. सिस्टरांना तो नवऱ्याचा शौक वाटायचा, चारचौघांत इंजिन दाखवायचा.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही निघालो. पुढे ती सायीच्या रंगाची गाडी, मागे आमच्या जपानी गाडीत मी, नीला आणि व्हीलचेअर. मी सुचवलं होतं की पहाटे निघू, गारव्यात चढ पार होईल. सिस्टर म्हणाल्या, मागच्या वेळी दुपार होती, आताही दुपारच पाहिजे. पायथ्याशी थांबून त्यांनी मागच्या वेळेसारखाच पंधरा मिनिटं चहा घेतला. बॉनेट उघडं. मग चढाला लागलो. मी स्टीअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की नीलानं माझी बोटं सोडवली. पुढची गाडी सावकाश पण एका लयीत चढत होती. बॉनेटच्या मागच्या फटीतून निघणारी गरम हवा लांबूनही थरथरताना दिसत होती. आचका नाही, काही नाही. अर्ध्याहून वर गेल्यावर मला वाटलं, जिंकलो.

आणि सिस्टरांनी इंडिकेटर दिला, गाडी कडेच्या मोकळ्या जागेत घेतली आणि इंजिन बंद केलं.

मी मागे थांबून धावत गेलो. उन्हानं डांबर मऊ झालं होतं. मी ओरडलोच असेन, चालू गाडी कशाला बंद केलीत म्हणून. त्या उतरल्या, बॉनेट उघडलं आणि म्हणाल्या, "हीच जागा. वीस मिनिटं थांबायचं."

"सिस्टर, आता नाही चालू झाली तर?"

"तर पुन्हा पुढच्या जानेवारीत येऊ. पण नुसतं वर गेले तर ह्यांना वाटेल, नशिबानं गेलो."

ती वीस मिनिटं मी विसरणार नाही. दावीदराव डावीकडच्या सीटवर ताठ बसले होते, चेहरा पांढराफटक. सिस्टर बॉनेटच्या मागे उभ्या राहिल्या नाहीत. कडेला उभ्या राहिल्या, अशा बेतानं की एका डोळ्यानं थर्मामीटर दिसावा आणि दुसऱ्यानं नवरा. दर पाच मिनिटांनी आकडा वाचून मोठ्यानं सांगत, आणि तो दावीदराव मान हलवून मान्य करत. अठ्ठेचाळीस. एक्कावन्न. बावन्न. बावन्न. मधूनच ट्रक गेले, एकानं मदत हवी का विचारलं, सिस्टरांनी हात हलवून नको म्हटलं. वीस मिनिटं झाली तशी त्यांनी बॉनेट लावलं, आत बसल्या आणि हात मांडीवर घेऊन तशाच बसून राहिल्या.

त्या गाडीला किल्ली डॅशबोर्डच्या मधोमध होती. दावीदरावांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी डावा हात स्वतःच्या अंगावरून आडवा नेला. तो पोचेना. सिस्टरांनी मदत केली नाही. मी खिडकीपाशी उभा होतो, माझा हात पुढे होत होता, तो त्यांनी नजरेनंच मागे घ्यायला लावला. दावीदराव वाकले, खांदा टेकवला, बोटं किल्लीवर आली आणि त्यांनी ती फिरवली. इंजिन दोनदा कण्हलं. तिसऱ्या वेळी लागलं.

"बघू," दावीदराव म्हणाले, अगदी हळू. नीला माझ्यामागे उभी राहून हुंदके देत होती आणि मलाही समोरचं नीट दिसत नव्हतं. सिस्टरांनी आरसा बघितला, हात बाहेर काढून आम्हाला बाजूला व्हायला सांगितलं आणि गाडी वर नेली. ओपोनोनीला संध्याकाळी त्यांनी तक्ता काढून लिहिलं, 'चढ पार. दोन्ही पेशंट स्थिर.' ह्या वेळी शाई निळी होती.

त्यानंतर दावीदराव तीन वर्षं होते. ते रोज बाहेर पडत. डेअरीपर्यंत, चर्चला, केविनच्या गॅरेजात, जिथं त्यांना एक खुर्ची राखून ठेवलेली असे. एका हिवाळ्यात झोपेतच गेले. पुढे सिस्टरांनी गाडी केविनला देऊन टाकली, तक्त्यासकट, आणि मोजत राहशील असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. तोवर आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला अल्बनीकडे राहायला गेलो होतो. फोन होत, भेटी कमी झाल्या.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते अल्बनीच्या नव्या दुकानांपुढच्या पार्किंगमध्ये. मी सामान गाडीत भरत होतो. पलीकडच्या रांगेत चंदेरी रंगाची एक नवी जपानी गाडी येऊन थांबली आणि सिस्टर उतरल्या. केस सगळे पांढरे, बूट तेच. त्यांनी दुकानाकडे पाहिलं नाही. पुढे गेल्या आणि बॉनेट उघडलं. अशा गाडीला कार्ब्युरेटर नसतो. तिला कितीही वेळ उन्हात ठेवा, काही होत नाही. मी जवळ गेलो. मला काय विचारायचं आहे ते त्यांनी माझ्या चेहऱ्यावर वाचलं असावं.

"हिला गरज नाही," त्या म्हणाल्या. "माहीत आहे मला."

मग त्या बॉनेटच्या कडेला सरकल्या, जिथून डावीकडची रिकामी सीट दिसत होती, आणि छातीवरचं घड्याळ उलटं धरून वेळ बघत उभ्या राहिल्या. मीही शेजारी उभा राहिलो. वीस मिनिटं झाल्यावर त्यांनी बॉनेट लावलं.